फिरवलं, हलवलं नाही

शेडच्या पत्र्यावर ऑक्टोबरचे ऊन तडतडत होते आणि त्याखाली पाच माणसे एका लाल चौकटीकडे पाहत उभी होती. यंत्राच्या पडद्यावर उमटलेल्या त्या चौकटीत इंग्रजीच्या दोन ओळी होत्या आणि त्यांखाली आकडे-अक्षरांची एक लांबलचक साखळी. दारावर ओढलेले हळदीकुंकवाचे पट्टे अजून ओले होते. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. एवढ्या मोठ्या शेडमध्ये हालचाल म्हणावी अशी तेवढीच.

तनुजाचा हात बटणावरच राहिला होता. ती आत्ताच शेंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या ओतशाळेतून परतली होती. गाडीच्या डिकीत मोटारीच्या कवचाचे चार ओतीव नग होते, अजून खडबडीत, वाळूचा वास न गेलेले. शटरमधून आत पाऊल टाकताच तिला यंत्राचे दार समोर दिसले होते. कालपर्यंत ते भिंतीकडे, दक्षिणेकडे होते. तिने कोणाला काही विचारले नाही. धावत जाऊन यंत्र सुरू केले, आणि पडदा लाल झाला.

"काय लिव्हलंय?" सांडूने विचारले. कपाळावरचा गुलाल घामाने भुवयांपर्यंत उतरला होता.

"लिहिलंय, यंत्र मूळ जागेवरून हलवल्याचं आढळलं आहे. बनवणाऱ्या कंपनीशी संपर्क करा." ती वडिलांकडे वळली नाही. "तोवर हे चालणार नाही, बाबा. एक चाकसुद्धा फिरणार नाही."

"पण हलवलं कुठं? मी तं नुसतं फिरवलं."

"जानेवारीपासून कानीकपाळी ओरडतेय मी. याला हलवायचं नाही म्हणून."

"तेच तं! हलवायचं नाय म्हणलीस, म्हणून जागा सोडू दिली नाय त्याला. फरशीवर खडूनं खूण केली मधोमध. पाईप घातले, पहारी लावल्या, चौघांनी मिळून तोंड तेवढं वळवलं. दक्षिणेचं पूर्वेला. जागा तीच हाय. ये, बघ ना."

तो खरेच वाकून खडूची खूण दाखवू लागला. तनुजाने डोळे मिटून घेतले. हलवणे आणि फिरवणे. या दोन क्रियापदांच्या मधल्या अरुंद बोळात तिच्या वडिलांचे सगळे आयुष्य गेले होते: बैलाची दावण, मोटेचे चाक, देवघरातला पाट. जागा न सोडता दिशा बदलता येते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आणि यंत्राच्या पोटात खोल कुठेतरी बसवलेल्या संवेदकाला हे कोणी शिकवले नव्हते. त्याला भाषा कळत नव्हती. त्याला फक्त कोन कळत होता.

"तुम्हाला एवढंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "एकच गोष्ट सांगितली होती, बाबा. तीही."

पुढचे वाक्य तिने गिळले, पण ते सगळ्यांनी ऐकले. सांडू सरळ झाला आणि धोतराला हात पुसू लागला, पुसण्यासारखे काही नसताना.

खंडेनवमीला वाळूजच्या या शेडमध्ये, गिरजा इंजिनिअरिंगमध्ये, यंत्रांना विश्रांती असे. सकाळी पूजा, कामगारांना पेढे आणि सुट्टी, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, हा शिरस्ता थोरल्या आत्याने घातला होता आणि तनुजाने तो हिशोबात धरला होता. परवा सकाळी शेंद्र्याच्या एका रिक्षा बनवणाऱ्या कंपनीत चार नमुने द्यायचे होते. दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्र सुरू केले असते तर संध्याकाळपर्यंत चारही नग झाले असते. बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू रिक्षाच्या मोटारीचे हे कवच तिचे स्वतःचे होते. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून काढलेले नव्हे. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे नेहमी कुठल्यातरी मोठ्या कंपनीचे नाव असे, तिथे गिरजा हे त्यांच्या गावच्या नदीचे नाव होते. नमुने परवा पोचले नाहीत तर ते काम दुसऱ्याकडे जाणार होते. आणि ते गेले तर ही शेड कशासाठी चालवायची, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर उरणार नव्हते.

ते उत्तर मात्र दुसऱ्या कोणाकडे तयार होते.

"झालं तं मग," सोमनाथकाका म्हणाला. तो शटरपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, पांढरा सदरा, मांडीवर निळी फाईल. "मी काय म्हणत होतो दादा, देवानंच कौल दिला बघ. तोंड फिरवलं त्यानं."

"सोमा, आजच्या दिवशी नको," थोरली आत्या वच्छलाबाई म्हणाली.

"आजच्याच दिवशी, आक्का. उद्या गोडाऊनवाल्यांचा मानूस येतोय दसऱ्याचा मुहूर्त धरून. रिकामी शेड पायजे त्यांला, गोडाऊनला. मशिनी विकून टाकायच्या, आणि म्हयन्याच्या म्हयन्याला भाडं. ना रिजेक्शन, ना लाईटबिल, ना ही असली लाल चौकट." त्याने फाईल उघडली. "आपल्या तिघा भावंडांपैकी दोघांच्या सह्या लागतात. एक झालीय. माझी."

सांडूने तनुजाकडे पाहिले. ती पडद्यावरची साखळी मोबाईलमध्ये उतरवून घेत होती.

"दे इकडं," तो म्हणाला. "माझ्यामुळं गेलं. मीच सोडतो."

⁂

पेन हातात आल्यावर सांडूला ते फार हलके वाटले. असे काहीतरी जड असायला हवे, त्याच्या मनात आले.

"आधी फोन तं लाव की पोरी," वच्छलाबाई भाचीला म्हणाली. "न बोलताच मढं उचलता का काय?"

तनुजाने यंत्राच्या कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयाला फोन लावला आणि मोबाईल यंत्राच्या पायरीवर ठेवला, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून. पलीकडून एक स्वच्छ, धुतल्यासारखा आवाज आला. त्याने साखळीतली अक्षरे वाचून घेतली, आभार मानले आणि विचारले, "स्थलांतराचं कारण काय नोंदवू, मॅडम?"

"स्थलांतर झालेलं नाही. वडिलांनी फक्त फिरवलंय."

"हो, पण मला चारांपैकी एक निवडावं लागतं. विक्री, हस्तांतरण, नवीन जागा किंवा चोरी."

"चोरी?" सांडू पुढे झाला. "कोणी केली चोरी?"

"कोणी नाही, सर. यंत्राला कोणी हलवलं ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की ते हललं."

"हललं नाय हो! फिरलं! दावणीचा बैल उगवतीकडं तोंड करून बांधला तर काय तो बाजारात गेला का?"

पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. "कशासाठी फिरवलंत, सर?"

"पूजेला. खंडेनवमी हाय आज. तुमच्याकडं नस्ती का?"

"असते ना, सर. आत्ताच आरती झाली आमच्या हपिसात." तो 'हपिसात' म्हणाला आणि एकाएकी माणूस झाला. "पण यादीत पूजा नाही हो. नियम यंत्र जिथं बनतं, तिकडच्या सरकारचा आहे. अशी यंत्रं शस्त्रं बनवणाऱ्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ती जागेला बांधलेली असतात. जरा सरकलं की स्वतःला कुलूप लावून घेतात."

सांडूने यंत्राकडे पाहिले. आज सकाळीच त्याने त्याला शस्त्र म्हणून ओवाळले होते.

खरे तर त्याला त्या यंत्राची भीती वाटे. जानेवारीत ते ट्रेलरवरून उतरले तेव्हापासून शेडमध्ये एक असा पाहुणा राहत होता, ज्याच्याशी बोलायला त्याला भाषा नव्हती. लेथवर कान ठेवला की बेअरिंग कुरकुरते का ते त्याला समजे. प्रेसच्या दणक्यावरून पत्रा कापणाऱ्या डायची धार गेली हे तो अंगणातून सांगे. हे यंत्र मात्र दार लावून, आतल्या आत, पांढऱ्या पाण्याखाली काम करी आणि त्याला काही सांगत नसे. सगळे काही तनुजाला सांगे. त्याच्यासाठी करता येण्यासारखी एकच गोष्ट सांडूला सापडली होती: त्याचे तोंड यमाच्या दिशेला आहे, ते उगवतीला करावे. घरात आलेल्या सुनेला उंबऱ्यावर सरळ उभी करावी, तसे. तेवढाच त्याचा त्या यंत्राशी संबंध जुळला होता, आज सकाळी, घटकाभर.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारले.

"एक लेखी द्यावं लागेल, सर. की अनवधानाने चूक झाली, आणि यापुढे कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय यंत्राची जागा किंवा दिशा बदलणार नाही. मग तिकडून मंजुरी, मग आमचा इंजिनिअर येईल. मध्ये सुट्ट्या आल्यात. पुढच्या आठवड्याची अखेर धरून चला."

"देतो लिहून. चूक झालीच माझी. द्या, कुठं सही करू." सांडूने मोबाईलला हात जोडले होते. पेन दोन्ही तळव्यांमध्ये उभे होते.

"थांबा," तनुजा म्हणाली.

तिचा आवाज मघाचा नव्हता. तो कोणावर होता हे सांडूला कळेना, म्हणून सवयीने त्याने तो स्वतःवर घेतला.

"चूक म्हणून नाही लिहायचं," ती मोबाईलला म्हणाली. "लिहा: मालकाने स्वतःच्या शेडमध्ये स्वतःचं यंत्र पूजेसाठी पूर्वेकडे वळवलं. कारण, पूजा."

"मॅडम, तसा रकाना नाहीये."

"मग नवा करा. या देशात खंडेनवमी दरवर्षी येते."

"तसं पाठवलं तर ते आणखी प्रश्न विचारतील. मंजुरीला जास्त वेळ लागेल. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"लागू दे वेळ. खरेदीच्या कागदावर ही अट मी वाचली होती, आणि काही न वाटता सही केली होती. माझ्या वडिलांकडून मात्र माफी लिहून घेऊ नका. तेवढं नाही मिळायचं."

ती वडिलांकडे वळली. मघापासून पहिल्यांदाच.

"हात खाली घ्या, बाबा."

सांडूने हात खाली घेतले. तिने त्याला मालक म्हटले होते. इतकी वर्षे सगळे त्याला मालक म्हणत आले होते, कामगार, टेम्पोवाले, चहावाला. पण त्या शब्दाचा अर्थ काय, हे कारखान्यासाठी त्याच्या जमिनीची मोजणी झाली त्या दिवसापासून त्याने कधी तपासून पाहिले नव्हते. त्याने पेनाला टोपण लावले आणि ते सोमनाथच्या फाईलवर परत ठेवले.

⁂

वच्छलाबाईने धाकट्या भावाचा चेहरा पाहिला आणि तिला कळले, की आता तो बोलणार. सोमनाथ लहानपणापासून असाच होता. पडला की रडायचा नाही, बोलायचा.

"वा! लई भारी," तो म्हणाला. "दादाची इज्जत राहिली. नमुन्यांचं काय? परवा सकाळी त्यांच्या टेबलावर इज्जत ठेवणार का? चार नग इज्जत?"

"काका…"

"थांब तनू, बोलू दे मला. तू शिकलेली हाय, मी फक्त बघितलेलं सांगतो. आपण काय केलं सांग इतकी वर्षं? जमीन आपली व्हती, ती कारखान्याला गेली. मग कारखान्यात आपण गेलो. दुसऱ्याचं ड्रॉइंग, दुसऱ्याची डाय, माल दुसऱ्याचा, भाव बी दुसऱ्यानंच ठरवायचा. आपला काय, तर घाम. म्हणलं चला, निदान मशीन तरी आपलं. आज कळालं, तेबी नाय. तिकडं सात समुद्रापल्याड कोणीतरी बसलाय, तो म्हणतो हलू नको, की हे हलत नाय." तो उठून उभा राहिला होता. "इथं काय बनत नसतं, पोरी. इथं फक्त जोडतेत. मेहनत आपली, अक्कल दुसऱ्याची. मंग कशाला? भिंती तरी आपल्या हायेत ना? त्या भिंतींचं खाऊ. कोणाच्या बापाला जाब द्यायचा नाय."

त्यात खोटे काही नव्हते. वच्छलाबाईला वाटले, हा राग आपलाच आहे; फक्त सोमाने तो विकायला काढला आहे. नवरा वारल्यावर ती भावांकडे आली होती आणि या शेडच्या जागी नुसता पत्र्याचा आडोसा असताना हातप्रेसवर वॉशर पाडत बसली होती. दांडा ओढायचा, सोडायचा. गावातल्या बाया म्हणायच्या, विधवेनं देवाधर्माचं करावं, ही लोखंड कुटती. त्या वर्षी तिने ऐटीत खंडेनवमी घातली. प्रेसला साडीचोळी केली. लोखंड कुटणे हेच देवाधर्माचे आहे, असे तिला त्या बायांना दाखवायचे होते.

"पप्पा," शिवम म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिले. सोमनाथचा हा मुलगा वाळूजच्याच एका मोठ्या गोदामात पाळीप्रमुख होता. उद्या येणाऱ्या माणसाची ओळख त्यानेच करून दिली होती. फाईल त्याचीच, असे सगळे धरून चालले होते.

"तुम्हाला ठावं नाय मी तिथं काय करतो."

"मॅनेजर हाय तू."

"पिस्तुलासारखं एक यंत्र असतं हातात. डबा आला की त्याच्यावर धरायचं. टिक. दुसरा डबा. टिक. दोन वर्षं झाली, पप्पा, मी एका वस्तूला हात लावलेला नाय. डब्यालाच लावला. आत काय असतं, कोणी बनवलं, मालूम नाय. चीनचा डबा येतो, जालन्याला जातो. आपल्या शेडमधून जाईल. आपल्याला काय, तर टिक."

"पगार येतो ना टिकचा?"

"येतो. म्हणून तर बोलत नव्हतो." शिवमने तनुजाकडे पाहिले आणि ओशाळून हसला. "काय यार ताई, उद्या दसरा, सगळी दुनिया सीमा ओलांडणार. आपलं मशीन जागच्या जागी वळलं तं डायरेक्ट गुन्हा!"

वच्छलाबाई हसली. कितीतरी वेळाने कोणीतरी हसले होते.

"तू चूप बैस," सोमनाथ मुलाला म्हणाला, पण त्या शब्दांत बळ नव्हते. "हसण्यावारी नेऊ नका. नमुने कशावर काढणार, ते सांगा."

"मागच्या बोअरिंगवर," तनुजा म्हणाली.

शेडच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पंजाबातल्या बटाल्याहून आलेले, धातूत नेमक्या मापाचे भोक कोरणारे जुने बोअरिंग मशीन होते, तेलाने काळे, पाठीत जराशी कुबड आलेले. त्याला कुठेही ठेवा, कसेही फिरवा, ते कधी कोणाची ओळख मागत नसे. "नव्यावर चार तासांचं काम याच्यावर दीड दिवसाचं होईल. म्हणजे आत्ता सुरू केलं तरच. आत्ता, या मिनिटाला. उद्यावर गेलं तर नाही होणार."

ती थांबली. सगळ्यांच्या नजरा हळूहळू थोरल्या बहिणीकडे वळल्या. पूजा झालेले यंत्र दसऱ्याआधी चालवायचे नाही, हे तिचे वाक्य होते. तिने ते देवासारखे सांभाळले होते आणि शेडनेही.

"आक्का," सांडू चाचरत म्हणाला, "नवमीला?"

वच्छलाबाईने पदर खोचला. त्या बाया आता नव्हत्या. कोणाला काही दाखवायचे उरले नव्हते. मग नियम कोणासाठी होता, हे तिने पहिल्यांदाच स्वतःला विचारले, आणि उत्तर सोपे निघाले: त्या बायांसाठीच.

"तू सकाळी देवासाठी एवढं धूड फिरवलंस ना?" ती म्हणाली. "आता मी देवाला सांगते, बाबा, घटकाभर तू तोंड फिरव. हलू नको हां. नुसता फिर."

⁂

सोमनाथला वाटले होते, ते गोंधळ घालतील. रडतील, भांडतील, शेवटी दमून सही करतील. तो दर खेपेला असाच जिंकला होता. पण कोणी त्याच्याकडे पाहतही नव्हते. शिवम बाह्या सारून डिकीतले नग आणायला गेला होता. त्याचाच पोरगा, त्याच्याच समोरून. आक्का बोअरिंगवरचे हार उतरवून ताटात ठेवत होती, एक एक, जपून, जणू पाहुण्याच्या अंगावरची शाल. तनुजा जमिनीवर ड्रॉइंग पसरून बसली होती.

तो निघून जाऊ शकला असता. गाडी बाहेरच होती.

"बोअर कोण मारणार?" त्याने विचारले. विचारायचे नव्हते.

"मी," तनुजा म्हणाली.

"तुला त्याच्या पाठीतली ढिलाई ठाऊक हाय? पडद्यावरचे आकडे टाकण्याइतकं सोपं नाय ते. बेअरिंगची जागा हाय. केसाएवढी मोठी झाली तं नग भंगारात."

"माहिती आहे."

"पयला नग तू वाया घालवणार."

"मग तीन उरतील."

त्याला एकदम तिचा राग आला आणि त्या रागाखाली दुसरे काहीतरी, ज्याला तो गेली पंधरा वर्षे नाव देत नव्हता. एका कंपनीच्या माल-तपासणीच्या खिडकीसमोर तो उभा होता. त्याच्या हातचे बोअर, रात्रंदिवस एक करून मारलेले, कान लावून, बोटाने चाचपून. खिडकीआडच्या पोराने माप, म्हणजे मोजायची लोखंडी कांडी, भोकात घातले, मान हलवली आणि ब्रश घेऊन एकेका नगावर नापास म्हणून लाल रंग ओढला. सोमनाथ म्हणत राहिला, साहेब, माप तपासा. महिन्याभराने कळले, त्यांचेच माप झिजलेले होते. कोणी काही बोलले नाही. फक्त पुढची ऑर्डर आली. त्या दिवसापासून त्याने यंत्राला हात लावला नाही. जमिनीचे व्यवहार केले, प्लॉट पाडले, पांढरे कपडे शिवले. लोक म्हणाले, सोमनाथशेठ वर आले. त्याने तो लाल रंग कधी कोणाला सांगितला नाही, दादालाही नाही. दुसऱ्याच्या खिडकीत पुन्हा उभे राहायचे नाही, एवढीच त्याची सगळी अक्कल होती, आणि त्या फाईलमध्ये तीच लिहिलेली होती.

आता ही पोरगी पुन्हा त्याच खिडकीत जाऊन उभी राहणार होती. आपल्या नावाचा नग घेऊन.

"नापास करतील," तो म्हणाला. "तुला वाटतं का, मराठवाड्यातल्या एका शेडनं काढलेलं ड्रॉइंग ते घेतील? माप बरोबर असलं तरी?"

"नापास केलं तर माप मागीन त्यांचं," तनुजा म्हणाली. तिने वर पाहिले नाही. "त्यांचं माप आणि माझं माप एका टेबलावर ठेवीन. आणि निर्णय होईपर्यंत तिथून उठणार नाही."

हे वाक्य पंधरा वर्षांपूर्वी त्याच्या तोंडात हवे होते.

सांडू त्याच्याजवळ आला. दोघे भाऊ इतके जवळ कितीतरी दिवसांत उभे राहिले नव्हते. दादाच्या अंगाला खोबऱ्याचा आणि ग्रीसचा वास येत होता. त्याने निळी फाईल उचलली, मिटली आणि सोमनाथच्या हातात दिली.

"सही नाय करायचो, सोमा. आज बी नाय, उद्या बी नाय. तुझ्या मान्साला सांग, शेड रिकामी नाय."

"बरं," सोमनाथ म्हणाला.

"आन् दुसरं." सांडू अडखळला. थोरल्या भावाने धाकट्याकडे कधी काही मागितले नव्हते. या घरात मागण्याची दिशा ठरलेली होती. "तुझ्या हातासारखा हात नाय इथं कोणाचा. मला ठावं हाय, तुला पटत नाय हे. नको पटू दे. गोडाऊनचंच तुझं खरं असंल. पण चार बोअर… येतोस का?"

शिवम नग घेऊन दारात थबकला होता. आक्काच्या हातातले ताट तसेच राहिले. तनुजा ड्रॉइंगवरून उठली आणि बोअरिंगपाशी जाऊन उभी राहिली. तिने काकाकडे पाहिले, विनवणीने नाही, एखादे माप पाहावे तसे.

सोमनाथने फाईल काखेत धरली. मग तो वळला आणि चालू लागला, लाल पडद्याच्या बाजूने, प्लास्टिकच्या खुर्चीच्या बाजूने, शटरकडे. मागून कोणी हाक मारली नाही. त्याचे पाऊल सावलीतून उन्हात पडते न पडते तोच पाठीमागे जुन्या मोटारीने घरघर धरली, आणि लोखंड लोखंडाला लागल्याचा पहिला, उंच, खरखरीत आवाज शेडभर पसरला. त्याच्या उत्तरासाठी कोणी थांबले नव्हते.